सुभद्राबाईंची खिरापत

सुभद्राबाई भुयार आयुष्यात कधी सरळ वागल्या, असं अचलपुरात कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. सत्तरी आली तरी खोड जाईना. भुलाबाईच्या दिवसांत पोरींची गाणी म्हणून झाली की खिरापतीचा बंद डबा कानाशी हलवायचा, आत काय आहे ते ओळखायचं आणि मगच खायचं, अशी रीत. सुभद्राबाईंनी एका वर्षी डब्यात चक्क बर्फ ठेवला. पोरींना ओळखता येईपर्यंत त्याचं पाणी झालं. त्या भांडायला उठल्या तर बाई म्हणाल्या, “मंग प्या ना! थंड हाय.”

त्यांचा डबा ओळखणारं माणूस जगात एकच, थोरली बहीण आशाबाई. ती लग्न करून सातपुड्यात डोंगरखाप्याला गेली, कारण नवरा तिथल्या कोळशाच्या खाणीत होता. आता खाण बंद पडलेली, नवरा वारलेला, पोटी मूल नाही, आजूबाजूची क्वार्टरं ओस. यंदाच्या पावसाळ्यात ती ओट्यावरून पडली, ते सकाळपर्यंत कुणाला कळलंही नाही. तेव्हापासून सुभद्राबाईंच्या जिवाला घोर लागला होता. पण फोनवर विषय काढला की आशाबाईचं एकच, “बहिणीच्या सासरी जाऊन राहू? लोक तोंडात शेण घालतीन!”

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सुभद्राबाईंनी सुनेला, प्रणालीला, गाडी काढायला लावली. बहिणीला रात्रीच फोन करून ‘उद्या येतो’ एवढंच सांगितलं होतं. नवऱ्याला सांगितलं, “खाण पाह्यले चाललो.”

नत्थुजींनी पेपरातून मानही वर केली नाही. “मागची सीट मोकळी ठेवजो. सीताफळानं भरू नको.”

घाटात गवत पिवळं पडत चाललं होतं आणि ऊन नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. सुभद्राबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. मांडीवर पितळी डबा होता. आत साखरफुटाणे, आणि ते वाजू नयेत म्हणून भोवती घरच्या शेतातल्या पहिल्या वेचणीचा कापूस ठासून भरलेला.

“आई, ही चीटिंग आहे,” प्रणाली म्हणाली.

“तू समोर पाह्य. घाट हाय.”

डोंगरखाप्यात खाणीचं मोठं लोखंडी चाक उंचावर गंजत उभं होतं. प्रणालीनं त्याचा फोटो काढला. सुभद्राबाईंनी खालच्या कठड्याला हात लावला आणि कोळशानं काळा झालेला पंजा मुकाट्यानं सुनेच्या ओढणीला पुसला. क्वार्टरांच्या सगळ्या ओळीत धूर फक्त एका घरातून निघत होता.

आशाबाईनं कोनाड्यात मातीची भुलाबाई मांडली होती. एकटीच गाणं म्हणत असणार, या विचारानं सुभद्राबाईंना भडभडून आलं. पण रडायला त्या आल्या नव्हत्या. त्यांनी डबा पुढे ठेवला.

“तीन डाव. ओळखलं तं मी पुन्हा कधी चल म्हणणार नाही. नाही ओळखलं तं आज माह्यासंग यायचं. भुलाबाईसमोर बोल.”

आशाबाईनं भुलाबाईच्या पायाला हात लावला. “बोलली.”

तिनं डबा कानाशी हलवला. आवाज नाही. नाकाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. सुभद्राबाई पुढं सरकून बसल्या. ही हरली नाही तर पुढचा पावसाळा हिला इथंच एकटीनं काढावा लागणार.

“शिरा.”

“नाही!”

“उकडलेल्या शेंगा.”

“नाही! नाही!”

आशाबाईनं डोळे मिटले. “दहीभात.”

सुभद्राबाई सत्तराव्या वर्षी टाळ्या पिटत नाचल्या. जन्मात पहिल्यांदा थोरलीला हरवलं होतं! त्या आनंदात त्यांना काहीच दिसलं नाही. वळकटी बांधलेली होती, भांडी पालथी घातलेली होती, तुळशीची कुंडी आधीच ओट्याच्या कडेला आणून ठेवलेली होती. आशाबाईनं भुलाबाई पदरात घेतली, दाराला कुलूप लावलं आणि मागं न बघता गाडीत बसली.

घाट उतरेपर्यंत सुभद्राबाई स्वतःची तारीफ करत होत्या. “कशी फसवली! काही समजलं तरी का तुले?”

आशाबाई साखरफुटाणे खात होती. तिनं बहिणीच्या पदराला चिकटलेला कापसाचा पुंजका काढून तिच्या हातावर ठेवला.

“सुभे, झाकणातून अर्धा कापूस बाहीर लटकून राहिला व्हता. अन् साखरफुटाण्याशिवाय तुले लहानपणापासून दुसरं सुचते काय?”

पुढे बसलेली प्रणाली खो खो हसत सुटली. सुभद्राबाईंनी हातातला कापूस उलटसुलट करून पाहिला.

“मंग दहीभात काऊन म्हटलं?”

“फुटाणे म्हटले असते तं तिथंच राह्यली असती ना, भैताडे!” आशाबाई म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, हळूच, “लोकाईले सांगजो बरं. पैज हरली, म्हून आली.”

सुभद्राबाईंनी बहिणीचा हात घट्ट धरला आणि अचलपूर येईपर्यंत सोडला नाही.