रुळाकडेची आमची टोळी

रुळाकडेला उभं राहिलं की गाडी उशिरा येते, किस्से मात्र वेळेवर येतात. आमची टोळी तिघांची: मी, परभणीत फोटो स्टुडिओ चालवणारे युसूफभाई आणि त्यांची सून निखत. नाद एकच, पॅसेंजर गाड्या अन् इंजिनांचे फोटो. मला हे कुणी शिकवलं नाही. शिकवायला आले, त्यांनाच मी दोन गोष्टी सांगून पाठवलं!

* * *

पहिला कॅमेरा रोलचा. पूर्णा स्टेशनवर कोळशाच्या इंजिनाची शेवटची फेरी. कोपरं मारत गर्दीतून पुढं घुसले, श्वास धरून अख्खा रोल संपवला. युसूफभाईंनी धुतला अन् एक काळाकुट्ट कागद माझ्यापुढं धरला. रोल आत नीट बसलाच नव्हता. कोरा!

"बाई, इंजिन आलंय हो. पर बोगद्यात हाय वाटतं!"

कितीतरी दिवस मी त्यांच्या स्टुडिओची पायरी चढले नाही.

* * *

सगळ्यांनी डिजिटल घेतले, तरी माझा रोल सुटला नव्हता. एकदा प्लॅटफॉर्मच्या टोकाला रेल्वे पोलिसाच्या शिपायानं गाठलं.

"मावशी, फोटो डिलीट करा. न्हाईतर कॅमेरा जमा!"

मी कॅमेराच त्याच्या हातात दिला. "कर बाबा, तूच कर."

त्यानं उलटा केला, पालटा केला. स्क्रीन सापडेना. मग मागच्या झाकणाच्या खटक्यावर त्याचं बोट टेकलं. ते उघडलं की उजेड आत अन् रोल खलास!

बोट सरकलं. "चार्जिंग संपली वाटतं," म्हणत त्यानं कॅमेरा परत दिला!

* * *

निखतचा सगळा कारभार मोबाईलवर. विजेचं नवं इंजिन येत होतं. स्क्रीनमधी बघत पोरगी मागं मागं सरकायली, अन् मागच्या रुळावर दुसरी गाडी! हाक मारायला वेळ कुठला? दंड धरून खेचलं. दोघी खडीवर पडलो. गाडीचा वारा अंगावरून गेला.

"मावशी! माझा व्हिडिओ हलला ना!"

"व्हिडिओच हलला ना? गप बस!"

* * *

गायकवाड आमच्या ओळखीचे ड्रायव्हर. डिझेल इंजिनावर जन्म गेला, आता रिटायर होणार. त्यांची बायको प्रमिला मला म्हणाली, "बाई, आयुष्यभर डबा भरून दिला, पर यांना गाडी चालवताना एकदाबी बघितलं न्हाई."

शेवटच्या ड्युटीला, गायकवाडांना सांगून, आम्ही तिला मिरखेलच्या वळणावर नेलं. लांब धूर दिसला. ती पदर सारखा करून उभी राहिली. मी कॅमेरा लावला. अन् तेवढ्यात अलीकडच्या रुळावर समोरून मालगाडी! डबे संपता संपेनात. पलीकडं हॉर्न वाजला.

"गेले की वं!" प्रमिला मटकन खाली बसली. युसूफभाईंनी कॅमेरा खाली केला. मी नाही केला.

मालगाडीचा शेवटचा डबा सरकला. पलीकडं पॅसेंजर उभी! सिग्नल लागला असणार, नशीब आमचं! इंजिन आमच्यापेक्षा जरा पुढं, अन् आमच्या बाजूच्या खिडकीतून गायकवाड कमरेपर्यंत बाहेर, मागं वळून बायकोकडं बघायलेत.

"काढा की बाई!" युसूफभाई ओरडले.

काढला. गाडी हलली.

"लग्नातबी फोटोला थांबले न्हाईत हे!" प्रमिला रडत रडत हसली.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. भिंतीवर लावायचा म्हणून फ्रेम घेऊन स्टुडिओत गेले. युसूफभाईंनी चष्मा लावून फोटो बघितला, गायकवाडांच्या पलीकडं एका जागी बोट ठेवलं, अन् "भिंतीवर नको बाई, त्यांची पेन्शन जाईल," म्हणत फ्रेम रिकामीच परत दिली.

तिथं सिग्नल होता. हिरवागार.