बोडीतले हिस्से

फोन बाबांचा होता. "दादा गेला," एवढंच म्हणाले. भंडाऱ्याहून सानगडीला पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात मोठेबाबांचा वर्गातला आवाज घुमत होता. माझ्या वडिलांचे हे थोरले भाऊ गावच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि पुतणी म्हणून मला काडीची सूट नव्हती. तरी मला ते फार आवडायचे, आणि हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

अर्थ घोकलेले त्यांना मुळीच खपायचे नाहीत. 'डिव्हाइड'चे भाऊबंद शिकवायला ते एकदा वर्गात बांबू, सुपात धान आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले. बांबू उभा फाडला, तो 'स्प्लिट'. धान पाखडून पोल, म्हणजे पोचट दाणे बाजूला काढले, ते 'सेपरेट'. शेंगा मात्र ओंजळीने सगळ्यांना दिल्या, स्वतःही खात बसले आणि म्हणाले, "हे 'शेअर'. याच्यात वाटनाऱ्यालेबी भेटते." टरफलांच्या पसाऱ्यावरून नंतर हेडसरांची बोलणी बसली, तीही त्यांनी हसत खाल्ली.

मी कॉलेजात असताना आमच्याच घरात वाटणी निघाली. शेत वाटलं, चुली वेगळ्या झाल्या. अडलं ते बोडीपाशी, म्हणजे आमच्या धानाला पाणी पुरवणाऱ्या छोट्या तळ्यापाशी. तिच्या मधोमध बांध घालायचा, असा बाबांनी हट्टच धरला. तसं झालं असतं तर दोन डबकी उरली असती, आणि भावाभावांचं बोलणंही संपलं असतं. मला त्याचीच धास्ती होती. मी मोठेबाबांना विचारलं, "आपल्या घरी आता कोनता शब्द चालू हाय?" ते चिडले नाहीत. "अजून ठरलं नाई बाई," म्हणाले, "उन्हाळ्यात पाहू."

उन्हाळ्यात बोडी आटली, मासे धरले. आमच्याकडे हिस्से पळसाच्या पानांवर मांडतात आणि एकजण पाठ करून उभा राहतो. मागून कोणी एका ढिगावर बोट ठेवून विचारतं, "हा कोनाचा?" पाठमोऱ्याने नाव घेतलं की संपलं, तक्रार नाही. त्या दिवशी मोठेबाबांनी मला उभं केलं आणि विचारलं. मी म्हटलं, "बाबाचा." वळून पाहते तर मोठी मरळ बाबांच्या ढिगात, आणि बाबा ओशाळलेले. मोठेबाबा शांतपणे म्हणाले, "लहान्या, बांध घातला असता त मरळ कोन्या बाजूले राह्यली असती?" बाबांना हसू फुटलं. बांधाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. पुढे दर उन्हाळ्यात मी पाठ करायची आणि मोठेबाबा विचारायचे.

मोठेबाबा नसतानाही यंदा बोडी आटली. बाबांनी दोन ढीग मांडले, मी सवयीने पाठ केली. मागून प्रश्नच येईना... शेवटी बाबांनी घसा खाकरला. "हा कोनाचा?"

"मोठेबाबाचा."

"अन् हा?"

माझ्या तोंडून पुन्हा तेच नाव निघालं.

बाबांनी दोन्ही पानं उचलली. ती घेऊन ते मोठेबाबांच्या घरी, मोठीआईच्या दारात गेले आणि म्हणाले, "वहिनी, आज एकच चूल पेटवा. आमी सारे इथंच जेवतो."

आत मोठेबाबांचा पाट भिंतीला टेकवून ठेवलेला होता. बाबांनी तो त्याच्या जागी मांडला आणि शेजारी जमिनीवर बसले.