दोन्ही पाय उबदार

वॉर्डातल्या पोरी तिला बटणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिच्या कानावर ते येतंच. पूर्वी तिला त्याचा राग नव्हता. उलट अभिमान होता, कारण बटण तिचंच होतं.

बारा वर्षं ती शस्त्रक्रियेच्या वॉर्डात सिस्टर होती. रुग्णांची घाण काढताना तिला कधी मळमळलं नाही. मळमळायचं ते नोंदी करताना. दर चार तासांनी, प्रत्येक रुग्णामागे बावीस रकाने: ताप, नाडी, लघवी, जखम, पावलं गार की उबदार. ज्याच्यात काडीचा फरक पडलेला नाही, त्याचंही सगळं पुन्हा भरायचं. या कारकुनीचा तिला इतका वीट आला की अडतिसाव्या वर्षी तिने विद्यापीठात आरोग्य माहितीशास्त्राला नाव घातलं. रुग्णांची माहिती संगणकात कशी भरायची, कशी जपायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, याचं ते शिक्षण. "या वयात दप्तर?" असं नवरा म्हणाला खरा, पण पुढची दोन वर्षं तिचा डबा त्यानेच भरला. वर्गात तिच्या भाच्याच्या वयाची मुलं होती. प्राध्यापक रुग्णाला 'माहितीचा स्रोत' म्हणायचे. पहिल्या दिवशी तिला हसू फुटलं. दुसऱ्या वर्षी तीही तसंच म्हणायला लागली.

शेवटच्या प्रकल्पात तिने ते बटण बनवलं. नाव 'मागचंच पुढे'. दाबलं की आधीची नोंद जशीच्या तशी पुढे उतरायची. बदललं असेल तेवढंच आपण दुरुस्त करायचं. दर पाळीला चाळीस मिनिटं वाचली. तिला ढाल मिळाली, आणि आपल्याच रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत नोकरी. फिरती खुर्ची आली, पायांची सूज उतरली. वॉर्डात जायचं काही कारण उरलं नाही.

अशी सहा वर्षं गेली. मग एका सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावरचा, रुग्णालयाची आकडेवारी बघणारा आकडेवाला म्हणाला, "सिस्टर, इकडे या. गंमत बघा."

पडद्यावर चौदा नंबरच्या खाटेची नोंद होती. निवृत्त बसचालक, वय सदुसष्ट, पायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या. गुरुवारी डावा पाय गुडघ्याखाली कापला. आणि गुरुवारपासून आजपर्यंत, ओळीने तेवीस वेळा, एकच वाक्य: दोन्ही पाय उबदार.

"कापलेलासुद्धा उबदार," आकडेवाला म्हणाला. "कुठे ठेवलाय कोण जाणे."

खोली हसली. तीही हसली. विभागाचे साहेब आले, त्यांनी वाकून बघितलं आणि घड्याळाकडे नजर टाकली. "रुग्णालयाची सरकारी तपासणी पंधरा दिवसांवर आहे. 'दोन्ही' खोडा, 'उजवा' करा. बोंबाबोंब नको."

तेव्हा तिला शिसारी आली. साहेबांची आली, त्या हसण्याची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या उघड्या दातांची आली. नसलेला पाय ज्यांनी तेवीस वेळा बघितला, त्यांनी असलेला एकदा तरी बघितला होता का? ती उठली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली गेली.

चौदा नंबर खिडकीशी होता. म्हातारा छताकडे बघत शांत पडला होता.

"काका, पाय कसा आहे?"

"पहाटे मुंग्या येत होत्या. आता त्याही येत नाहीत," तो म्हणाला. त्याला ते बरं लक्षण वाटत होतं.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. बघते म्हणाल्या. त्यांच्या मागे तरी वीस माणसं आहेत."

तिने चादर वर केली. सहा वर्षांत तिने रुग्णाला हात लावला नव्हता. पाऊल पांढरंफटक पडलं होतं, फरशीसारखं गार. घोट्याशी नाडी लागेना. तिने तिथूनच सर्जनला फोन केला.

"मी आत्ताच पडद्यावर बघितलं," तो म्हणाला. "उबदार लिहिलंय."

"पडदा राहू द्या, डॉक्टर. माझा हात त्या पायावर आहे."

तो धावत आला. तासाभरात म्हातारा शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. रक्तवाहिनीतली गुठळी निघाली, पाय वाचला.

बुधवारी साहेबांनी तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला. वर मथळा: 'आमच्या प्रणालीने वाचवलेला पाय'. खाली ढाल हातात घेतलेला तिचा जुना फोटो.

"चूक आपल्याच पडद्यावर सापडली ना? मग श्रेय प्रणालीचंच," साहेब म्हणाले. "उद्या विद्यापीठात तुमचं भाषण आहे, तिथे नव्या मुलांना हेच सांगा. या शिक्षणातून माणूस कुठे पोचतो, ते कळू दे त्यांना."

खोटं बोल पण रेटून बोल, ही तऱ्हा तिने पुष्कळ पाहिली होती. पण यात तिचा फोटो होता. त्या कागदावर थुंकावंसं तिला वाटलं. थुंकली नाही, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि त्या घडीचीही तिला किळस आली.

साहेब जेवायला गेले. तिने चौदा नंबरच्या जुन्या नोंदी उघडल्या. डावा पाय काळा पडून कापायची वेळ आली, त्या दिवसापर्यंत नोंदीत तोही उबदारच होता. ती पुन्हा जिना उतरली.

म्हाताऱ्याने उजवं पाऊल चादरीबाहेर काढून ठेवलं होतं. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसावं म्हणून, त्याने सांगितलं. स्टूल ओढून ती बसली आणि तिने सगळं सांगितलं. न बघता नोंद पुढे ढकलणारं ते बटण माझं आहे. डावा पाय वेळेवर कुणी बघितला असता तर कदाचित राहिला असता.

म्हाताऱ्याने उजव्या पावलाची बोटं हलवून बघितली.

"आम्हालाही असा कागद होता," तो म्हणाला. "गाडी काढायच्या आधी ब्रेक तपासल्याची रोज सही. मी महिनाभराच्या सह्या एक तारखेलाच ठोकून मोकळा व्हायचो."

तिला जरा हलकं वाटलं. माणूस समजून घेणारा निघाला.

"पण ब्रेक रोज दाबून बघायचो, बाई," तो म्हणाला. "मागे माणसं बसलेली असायची."

तिने स्टूल जागेवर ठेवलं. वर येऊन तिने विद्यापीठाला कळवलं की उद्या येते, फोटो छापू नका, पायाची गोष्ट घडली तशी सांगेन. मग साहेब परतायच्या आत बटण काढून टाकलं. बनवायला वर्ष लागलं होतं, काढायला तीन मिनिटं.

पहिला फोन तिच्याच जुन्या वॉर्डातून आला. तरुण आवाज, चिडलेला. "सिस्टर, बटण कुठे गेलं?"

"काढलं."

"अहो, बावीस रकाने, वीस माणसं आणि आम्ही दोघी. वर बसून काढायला काय जातंय तुमचं?"

"खरं आहे तुझं. जास्तीच्या माणसांसाठी मी साहेबांशी भांडते. पण आधी सांग, चौदा नंबरचं पाऊल कसं आहे?"

"उबदार."

"बघितलंस?"

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"बघून सांगते," पोरगी म्हणाली.

इकडे ती फोन कानाला लावून थांबली.