कुत्र्यांच्या वाटणीचा नवरा

हे गेले, ही बातमी मला सर्वांत शेवटी कळली. आधी पाड्यावर, मग दवाखान्यातल्या कंपाउंडरला, मग आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत, आणि मी आपली खिडकीशी मेथी निवडत बसलेली... महिना झाला, पण जीव अजून त्याच गोष्टीवर जळतो. लोक म्हणतात, डॉक्टर देवमाणूस होते. असतील. माझ्या वाट्याला किती आले, ते मला विचारा.

हे जनावरांचे डॉक्टर. रविवारी इतरांचे नवरे बायकांना घेऊन चौपाटीला जायचे. आमचे हे लशींचा थर्मास खांद्याला अडकवून जंगलालगतच्या पाड्यावर. "अहो, निदान सणाला तरी घरी थांबा!" म्हटलं, तर म्हणायचे, "अगं, बिबट्या तिथली कुत्री उचलतो. कुत्र्याचा रोग त्याला लागला तर? त्याला कोण टोचणार?" "तसं पुस्तकात लिहिलंय का?" "नसेल. लिहून होईपर्यंत वाट बघू?" घ्या! आणि निघाले थर्मास घेऊन.

त्यात सोसायटीवाल्यांचं पुण्य आडवं यायचं. कुत्र्याच्या डोळ्यांत चिपडं आली, नाक वाहायला लागलं, अंगाला झटके यायला लागले, की मारायचं पाप नको म्हणून त्याला गोणीत घालून जंगलात सोडून यायचे आणि वर हात जोडायचे. पाड्यावरही तीच रीत. यांचा तिळपापड व्हायचा. "अरे, रोग नेऊन बिबट्याच्या ताटात वाढताय तुम्ही!" मग स्वतःच जाऊन ते कुत्रं शोधून आणायचे. आमच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा! मी पुरणपोळ्या झाकून बसलेली, आणि हे गॅलरीत एका घाणेरड्या कुत्रीला मांडीवर घेऊन ग्लुकोज पाजतायत. तिच्याशी इतकं मऊ बोलत होते ना... तसं माझ्याशी कधी बोलले असतील तर शपथ. दुसऱ्या दिवशी ती मेली, तेव्हा रडले. माझी आई गेली तेव्हा डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पाड्यावर टोचताटोचताच यांच्या छातीत कळ आली. शेवटी डोकं होतं ते तिथल्या जनीच्या मांडीवर. तिच्याच अंगणात टोचायला कुत्री गोळा व्हायची, आणि तिची लाल कुत्री तेव्हा आजारी होती. दिवसकार्याला ती आली, तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "शेवटी काय बोलले गं?" मला एक शब्द हवा होता. नुसतं नाव. जनी खोटं बोलली असती तरी चाललं असतं. पण मेली सरळ म्हणाली, "बोलले, लाल कुत्रीला जंगलात सोडू नको."

"आणि?"

"आनी काय नाय, बाई."

आमच्या फ्रिजचा मधला कप्पा यांच्या लशींचा. फ्रिज माझ्या माहेरचा, पण तिथे वाटीभर दही ठेवायची सोय नव्हती. परवा कंपाउंडर उरलेल्या लशी पाड्यावर घेऊन गेला. मी कप्पा स्वच्छ पुसला, हौसेने दुधाचं पातेलं ठेवलं... आणि उचलून परत खाली ठेवलं. जिवंतपणी जी जागा त्यांनी मला दिली नाही, ती आता मी कशी घेऊ?