तो आत आला तर मी बाहेर

"हा कुत्रा या उंबऱ्याच्या आत आला, तर मी बाहेर! सांगून ठेवतो."

"मग बस बाहेर, दादा. हवा छान आहे."

हे भांडण आमच्या दारात चाललं होतं आणि मी आत भांडी घासत होते. नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला, ते कबूल करते. पहिला आवाज आमच्या यांचा. यांचं शिवणकामाचं दुकान. जन्मभर लोकांची मापं घेतली, त्यामुळे कुठलाही प्राणी एका नजरेत मापता येतो असा यांचा समज. दुसरा आवाज यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे माझ्या दिराचा. भावोजी काचवाले. लोकांच्या खिडक्यांना तावदानं बसवायची, आरसे कापून द्यायचे, हे त्यांचं काम. राहायचे आमच्या शेजारच्याच दारात. माझी जाऊ वारून वर्ष होत आलं होतं, मूलबाळ नव्हतं. जेवणाचं ताट आमच्याकडून जायचं. आणि त्या दिवशी ते कामावर काच घेऊन गेले आणि कुत्रा घेऊन परत आले.

भावोजी आता नाहीत. ते गेले तेव्हा गल्लीतले सगळे भेटायला आले. किराणावाल्या बाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "किती गुणी कुत्रा हो त्यांचा, आम्ही तर पहिल्यापासून म्हणायचो." औषधवाल्यांनी मान डोलावली. मी त्यांना पाणी दिलं आणि गप्प बसले, कारण घरात दुःख होतं. पण पहिल्यापासून कोण काय म्हणत होतं ते मला चांगलं आठवतं. माझी शाळा चौथीत सुटली, कान मात्र शाबूत आहेत. म्हणून नातीची वही मागून घेतली आणि लिहायला बसले.

तर कुत्रा. डोकं एवढं रुंद की त्याच्यामागे बाकीचा कुत्रा आहे की नाही अशी शंका यावी. डोळे बारीक, छाती पहिलवानाची, कान मुळापासून कापलेले. कुठल्याशा झुंजीच्या जातीचा अर्धा, आणि उरलेला अर्धा कुणाचा ते त्याच्या आईलाच ठाऊक. एका गोदामाच्या मालकाने चोरांसाठी साखळीला बांधला होता. चोर आले तेव्हा हा म्हणे शेपूट हलवत त्यांना साखळी पुरेल तिथपर्यंत पोचवायला गेला. मालकाने सकाळी ठरवलं, याला विषाची गोळी देऊन टाकायची. भावोजी नेमके तिथे फुटकं तावदान बदलायला गेलेले. त्यांनी तावदान बसवलं, साखळी सोडली आणि निघाले. मालक म्हणाला, "अहो, तो चावतो!" भावोजी म्हणाले, "चावत असता तर तुमच्याकडेच राहिला असता."

त्याच्या डोक्याकडे बघून भावोजींनी नाव ठेवलं भोपळा. गल्लीने ठेवलं राक्षस.

हा राक्षस मांजराला घाबरायचा. छत्री उघडली की भावोजींच्या पायांमागे लपायचा, आणि मावायचा नाही, त्यामुळे अर्धाच लपायचा. पण हे बघायला जवळ यावं लागतं, आणि जवळ कुणी येत नव्हतं. बायका मुलांना पलीकडच्या बाजूला ओढायच्या. किराणावाल्या बाईंनी तर दुकानाच्या पायरीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काचवाले, याचा जबडा एकदा लागला की सुटत नाही म्हणे?"

"लोक तुमच्या तोंडाबद्दलही तेच म्हणतात, बाई," भावोजी म्हणाले. "मी विश्वास ठेवतो का?"

त्या दिवसापासून आमच्या घरी किराणा दोन गल्ल्या पलीकडून यायला लागला.

एक गोष्ट मात्र झाली. काच घेऊन रस्त्याने चालणं किती कठीण असतं ते माझ्या दिराला विचारायला हवं होतं. मोठी काच दोन हातांत उभी धरायची, समोरचं नीट दिसत नाही, आणि लोकांना वाटतं हा माणूस रिकामाच चाललाय. आधी भावोजी "काच, काच!" असं ओरडत जायचे. कुणी ढिम्म हलायचं नाही. महिन्याकाठी एखादी काच रस्त्यात जायचीच. भोपळा आल्यावर ओरडायची गरज संपली. पुढे भोपळा, मागे काच. भाजीची गाडी बाजूला, सायकली बाजूला, गप्पा मारणारे दोन्ही बाजूंच्या भिंतींना चिकटलेले. "वहिनी," ते मला म्हणायचे, "एवढा मान तर नवरदेवालासुद्धा मिळत नाही." पुढे रस्त्यात त्यांची एकही काच फुटली नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं फार दिवस राहिलं नाही. गल्लीतल्या मोठ्या माणसांनी बैठक घेतली. एक तर काचवाल्याने कुत्रा सोडून यावा, नाहीतर गल्लीतलं एकही काम त्याला द्यायचं नाही. हा निरोप कुणी द्यायचा, तर थोरल्या भावाने. हे तोंड वर करून तयार झाले.

"अरे, जनावरासाठी धंदा घालवतोस?"

"दादा, मी धंदा घालवत नाही. तो तुम्ही घालवताय. मी कुत्रा पाळतोय."

"लोकांना भीती वाटते!"

"वाटू दे की. मला लोकांची वाटत होती तेव्हा कुणी बैठक घेतली नव्हती."

काही सुचलं नाही की हे उंबऱ्यावर येतात. म्हणाले, "माझं आधीचं बोलणं लक्षात आहे ना? तो आत, तर मी बाहेर." त्या दिवसापासून भावोजींनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. ताट घ्यायला यायचे ते दाराशी उभे राहायचे. भोपळा शेजारी, पुढचे पाय उंबऱ्याला लागू न देता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो यांचा आवाज ओळखायचा.

मी ताटात जरा जास्त वाढायला लागले. का ते कुणी विचारलं नाही.

काही महिने भावोजी लांबलांबच्या वस्त्यांत काम करत हिंडले. मग एका दुपारी गारा पडल्या. साध्यासुध्या नव्हे, मुठीएवढ्या. पाच-दहा मिनिटांत गल्लीतली एका बाजूची सगळी तावदानं खाली आली. वर बघितलं तर दात पडलेल्या माणसांची रांग उभी आहे असं वाटावं. संध्याकाळी भावोजींच्या दारात माणसं उभी. सगळ्यांत पुढे औषधवाले, त्यांच्या दुकानाची मोठी काच गेली होती.

भावोजी पायरीवर बसले होते, मांडीवर भोपळ्याचं डोकं. उठले नाहीत. "येतो ना," ते म्हणाले. "माझं कामच आहे ते. पण आम्ही दोघं येतो. रस्त्यापर्यंत नाही, पायरीपर्यंत नाही. आत. मी जिथे उभा राहीन तिथे हा बसेल. जमत असेल त्याने रांगेत थांबावं."

"ही अडवणूक आहे," औषधवाले म्हणाले.

"हो," भावोजी म्हणाले. "तुमच्याकडूनच शिकलो."

काही माणसं चिडून निघून गेली. त्यातली निम्मी रात्रीच्या वाऱ्यानंतर सकाळी परत आली.

मी मदतीला जायचे, फुटक्या काचा गोळा करायला, त्यामुळे ती तऱ्हा मी डोळ्यांनी पाहिली. औषधवाल्यांच्या घरातली सगळी मंडळी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, जणू खाली पाणी शिरलंय. भोपळा खोलीच्या मधोमध बसून एकेकाकडे बघत होता, हे लोक बसलेत तर आपल्याला का बोलवत नाहीत, असा. किराणावाल्या बाईंच्या घरात त्यांची मांजर फळीवरून नुसती खाली उतरली, तर राक्षस भावोजींच्या पायांत घुसला आणि नवी काच पडता पडता राहिली. बाई हसल्या. मग आपण हसलो हे लक्षात आल्यावर तोंड मिटलं. पण मी पाहिलं होतं.

प्रत्येक घरातून निघताना भावोजी एकच वाक्य बोलायचे. कडेची पुट्टी अंगठ्याने दाबून झाली, हत्यारं पिशवीत गेली, की दाराशी वळून म्हणायचे, "पुट्टी ओली आहे, तिला हात लावू नका. ह्याला लावलात तरी चालेल." पहिल्या दिवशी कुणी लावला नाही. पुढच्या खेपेला औषधवाल्यांच्या सुनेने एक बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. मग परत लावलं.

सगळी गल्ली नरमली असं मी म्हणणार नाही. कोपऱ्यावरचे एक सद्गृहस्थ शेवटपर्यंत रस्ता बदलून जायचे, आणि भावोजी त्यांना मुद्दाम मोठ्याने नमस्कार घालायचे.

आणि एक घर राहिलंच. आमचं.

गारांनी माझ्या स्वयंपाकघराचीही खिडकी फुटली होती. हे म्हणाले, "त्याला सांग, ये. एकटा." भावोजींचा निरोप आला, "एकटा येत नाही." झालं. यांनी बटणांचं खोकं फाडून त्याचा पुठ्ठा खिडकीला ठोकला. एकदा हे दुसऱ्याच कुणा काचवाल्याला घेऊन आले. मी दारात आडवी उभी राहिले. "भाऊ," म्हटलं, "माझा दीर काचवाला आहे, भिंतीपलीकडे राहतो. तुम्ही इथे काच लावलीत तर मी संध्याकाळी ती फोडीन, आणि उद्या तुम्हाला परत यावं लागेल." तो बिचारा गेला. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "तुमचा शब्द तुमच्यापाशी. खिडकी माझी आहे."

मग वर्षानुवर्षं मी भरदुपारी दिवा लावून स्वयंपाक केला. पुठ्ठा भिजायचा, फुगायचा, हे नवं खोकं फाडायचे. काचवाल्याच्या भावाच्या घराला पुठ्ठ्याची खिडकी! येणारे-जाणारे हसायचे. मी हसू दिलं. कुणी विचारलं तर सांगायचे, "काच यायचीय. कुत्र्यासाठी थांबलीय."

दिवस गेले. भोपळ्याचं तोंड पांढरं झालं, मागचे पाय आखडले. भावोजींच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी बजावलं, जड काही उचलायचं नाही. मोठ्या काचा बंद झाल्या. छोटी छोटी तावदानं बगलेत धरून न्यायचे, पुढे भोपळा, आता लंगडत. लोक तरीही बाजूला व्हायचे. भीतीने नव्हे. आता ते दोघं एवढे हळू चालायचे की वाट दिल्याशिवाय जमायचंच नाही.

एका सकाळी जेवायच्या आधीच हे म्हणाले, "तो पुठ्ठा फडफडतो. झोप लागत नाही."

"इतकी वर्षं लागली की."

"आता लागत नाही. सांग त्याला."

"एकाला, की दोघांना?"

यांनी दुकानातली खुर्ची उचलली, बाहेर गल्लीत नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले, दाराकडे पाठ करून. "शब्द म्हणजे शब्द," भिंतीला म्हणाले. "तो आत, तर मी बाहेर."

मी धावतच पलीकडे गेले. भावोजींनी तावदान आधीच कापून ठेवलेलं होतं. माप त्यांना कुठून मिळालं ते मी विचारलं नाही. पुठ्ठा बाहेरच्या बाजूनेही दिसतोच.

ते आले, पुढे भोपळा. भावोजी उंबरा ओलांडून आत आले आणि भोपळा थांबला. एवढ्या वर्षांची सवय. पुढचे पाय उंबऱ्याच्या बाहेरच ठेवून बसला तो बसलाच. "ये रे," म्हटलं, "आता मोकळीक आहे." त्याने उठायचा प्रयत्न केला. मागचे पाय उठेनात.

"तो आत आल्याशिवाय मी हात लावणार नाही," भावोजी म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला उचलायचं नाही!"

"मी कुठे उचलतोय?" ते दाराबाहेर बघत म्हणाले. "मी थांबतोय."

मी वाकून उचलून बघितलं, पण भोपळा माझ्याच्याने हलेना. शेवटी खुर्ची करकरली. हे उठले. कुणाकडेही न बघता भोपळ्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, कपड्याचा गठ्ठा उचलतात तसे, आणि त्याला उंबऱ्यावरून आत नेऊन ओट्याखाली ठेवला.

"किती जड! काय खायला घालतोस याला?"

"तुझ्याच घरचं, दादा."

हे माझ्याकडे वळले. मी खिडकीकडे बघितलं. मग यांच्या लक्षात आलं की आपण आत उभे आहोत आणि कुत्राही आत आहे. पँटवरचे पांढरे केस झटकत हे तडक बाहेर गेले आणि खुर्चीत बसले. या खेपेला दाराकडे तोंड करून.

भावोजींनी पुठ्ठा काढला. चौकट खरवडली, तावदान बसवलं, पुट्टी भरत अंगठा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवला. घाई नाही, बोलणं नाही, जसं कुणाच्याही घरी करायचे तसंच. भोपळा ओट्याखाली घोरत होता. माझ्या भांड्यांवर ऊन आलं आणि तळाला किती काजळी होती ते मला पहिल्यांदा दिसलं.

ते त्यांचं शेवटचं काम. त्या आठवड्यातच ते गेले. पण त्या दुपारी ते आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नसावं. त्यांनी हत्यारं पिशवीत घातली, भोपळ्याला हाक मारली. झोपेने त्याचे पाय जरा मोकळे झाले होते, उतरताना त्याला उचलावं लागलं नाही. दाराशी आल्यावर ते वळले.

"पुट्टी ओली आहे, तिला हात लावू नका. ह्याला लावलात तरी चालेल."

"लावलाय मघाशी," हे बाहेरून म्हणाले.

आणि खुर्ची उचलून बाजूला झाले, त्या दोघांना जायला वाट म्हणून.