घाटात टर्बोचा काटा

टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, दुरुस्त करण्यात मेकॅनिकबाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण लेक ट्रक चालवायला लागल्यापासून फोन वाजला की त्या हातातला पाना टाकून धावायच्या.

"आई, घाटात थांबलेय. टर्बोचा काटा पायथ्याशी होता तितकाच हवेचा दाब दाखवतो, तरी ट्रक ओढत नाही. सोबत आलेले ट्रकमालक दाब वाढवायला टर्बोचा स्क्रू आवळतायत."

"नको गं बाई! काटा फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो. तिथली हवाच विरळ, म्हणून इंजिनाला कमी पडते. आवळलं तर टर्बो अतिवेगाने फिरून फुटेल. खालच्या गिअरवर हळू चढव."

"मालक, ऐकलंत?"

"आईला म्हणावं, घरबसल्या घाट चढू नका!" मालक हसले. "झालं आवळून. चल!"

ट्रक निघाला. टर्बोची शिट्टी चिरकत गेली. मेकॅनिकबाई फोनवर "थांबव, थांबव" ओरडत राहिल्या. त्या आवाजात लेकीला काहीच ऐकू जात नव्हतं.