चौथी बकेट

धरणाच्या बांधावर मला नोकरी लागली ती थोरल्या भावाच्या शब्दामुळे. तो तिथं टिपर चालवायचा. त्याआधी काही वर्षं त्यानं भिवापूरची मिरची ट्रकनं नागपूरच्या बाजारात आणली होती. घरातला हातमाग बंद पडला तेव्हा त्यानं स्वतःची शाळा सोडली आणि माझी सुटू दिली नाही. म्हणून सत्तरच्या दशकात तो मुरूम वाहत होता आणि मी बाभळीखाली टेबल टाकून त्याच्यासारख्यांच्या खेपा मोजत होतो. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडायचो. ड्रायव्हर मला मास्तर म्हणत. "मास्तरसमोर खोकू नोको गा, लिहून घेईल," असं एकमेकांना सांगत.

साहेबांना ठरवायचं होतं की टिपरमध्ये मुरुमाच्या तीन बकेट भरायच्या की चार. मुरूम भरणाऱ्या यंत्राचं तोंड म्हणजे बकेट. चार भरल्या की गाडी चढावर रेंगाळायची आणि दिवसाच्या खेपा कमी व्हायच्या. तीन भरल्या की खेपा वाढायच्या, पण खेपेमागे माल कमी. मला मोजायला सांगितलं. भावानं आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून दिलं.

खाण तेव्हा खाली नदीकाठी होती. भरलेली गाडी चढून बांधावर यायची. तीन बकेटींची फेरी अठरा मिनिटांत व्हायची, चारची एकवीस मिनिटांत. सहा दिवस मोजलं. चार बकेटींनी बांधावर जास्त मुरूम पडत होता, यात शंका नव्हती. मी कागद स्वच्छ अक्षरात लिहून दिला. साहेबांनी तो कचेरीच्या भिंतीवर लावला आणि सगळ्या गाड्यांत चार बकेट पडू लागल्या.

उन्हाळ्यात खालचा मुरूम संपला आणि नवी खाण टेकडीवर उघडली. आता गाडी रिकामी वर जायची आणि भरलेली उतारानं खाली यायची. भिंतीवरचा कागद तोच होता.

एकदा दुपारी डबा खाताना भाऊ म्हणाला, "तुहा तो कागद बदल गा आता."

"काहून?"

"मिरचीची गाडी उंच दिसते, पण हलकी राहते. हा मुरूम बुटका दिसते अन् मागून ढकलते. खाली येईस्तोवर ब्रेकचा वास सुटते."

"मंग साहेबाले सांग ना."

"सांगतलं. म्हणते, तुह्या भावानंच लिहून देल्लं. आता शिव्या कोनाले देऊ?" तो हसला.

मी म्हणालो, "मोजून पाहतो. सहा दिवस लागतील."

"सहा कायले? एक डाव माह्या बाजूले बसून पाय."

मी बसलो नाही. सोमवारी पुन्हा टेबल मांडलं आणि साहेबांना विचारून मोजण्यापुरत्या दोन गाड्या तीन बकेट भरायला लावल्या.

चार बकेटींची गाडी उतारावर पहिल्या गिअरमध्ये यायची आणि खाली आल्यावर ब्रेक थंड होईपर्यंत उभी राहायची. तीनची न थांबता जायची. बुधवारी दुपारी मी बेरीज केली. आता तीन बकेटींनीच जास्त मुरूम पडत होता. चौथी बकेट कोणाच्याच कामाची उरली नव्हती.

तो कागद मी बुधवारी द्यायला हवा होता. पण पहिला कागद सहा दिवसांचा होता. तो खोडायचा तर दुसराही तितकाच पक्का हवा, असं मला वाटलं. अडीच दिवसांचे आकडे घेऊन गेलो तर साहेब हसतील, ही भीतीही होती.

गुरुवारी भावानं गाडीतूनच विचारलं, "झालं काय गा मास्तर?"

"शनिवारी देतो."

"दे बाबा. अक्षर मात्र चांगलं काढजो."

शुक्रवारी दुपारी त्याच्या गाडीची वेळ झाली आणि गाडी आली नाही. मी कागदावर तिची जागा मोकळी ठेवली आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसलो. माणसं टेकडीकडे धावू लागली तेव्हा उठलो. शेवटच्या वळणावर गाडी उलटली होती. भाऊ चार बकेट मुरुमाखाली होता. हातांनीच उपसावा लागला. त्या दिवशी मला कळलं की एक बकेट मुरूम म्हणजे किती असतो.

तेरवी झाल्यावर मी कामावर गेलो. सगळ्या गाड्या तीन बकेट भरून खाली येत होत्या. भिंतीवर कागद नव्हता. नवा कोणी मागितला नाही. माझे साडेचार दिवसांचे आकडे खिशात तसेच राहिले.

वहिनीला ते धुण्याच्या कपड्यांत सापडले. ती चौथीपर्यंत शिकली होती, वारांची नावं वाचता येत होती. संध्याकाळी चुलीपुढे तिनं तो कागद माझ्याकडे सरकवला.

"भाऊजी, तुमाले कधी समजलं होतं?"

"बुधवारी," मी म्हणालो.

तिनं तव्यावरची भाकर उलटवली. ती फुगेपर्यंत तिकडेच पाहत राहिली. मग ताटात वाढली आणि म्हणाली, "जेवून घ्या."

त्या घरात मी पुढे कितीतरी वर्षं जेवलो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.